दोघींची मळमळ

॥ श्री गोरोबाकाका प्रसन्न ॥
तेर, १४ जुलै २०२४

सौ. गजरावन्संना धुरपदाचा स. न. वि. वि.

अवचित पत्र पाहून घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळे धड आहेत. फोनच केला असता. पण आपल्या घरी फोन म्हणजे ग्रामसभा. तुमचे भाऊ स्पीकर लावून ओसरीत बसतात आणि माझं बोलणं शेजारी आधी पोचतं. काही गोष्टी नणंद-भावजयीतच बऱ्या.

पहिली बातमी गोड. सुनेला, आपल्या सृष्टीला, तिसरा महिना सरत आलाय. पोरीला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलंय. मल्हार आत्तापासूनच बाप झाल्यासारखा गंभीर चेहरा करून धाराशिवहून येतो.

दुसरी बातमी अशी, की उमासे तिला येतात तसे मलाही येतात. गेले पाच महिने सकाळी डोळा उघडला की पोटात ढवळतं. येसराची आमटी उकळली की मी परसात पळते. मोरीवर आता आमचा नंबर लागतो. सून आत असली की सासू दाराला टेकून उभी. परवा दोघी एकदमच निघालो, तर ती तोंडावर हात धरून म्हणाली की आधी तुम्ही, तुम्ही मोठ्या.

शेजारणीनं गावभर केलंय की तुमच्या भावाच्या, रामलिंगाच्या घरी दोन पाळणे बांधावे लागणार. एकोणपन्नासाव्या वर्षी! तुमचे भाऊ हे ऐकून आधी लाजले आणि मग लई खूश दिसले, तेच मला जास्त लागलं.

लोभ आहेच, पुढच्या पत्रासोबत थोडा आलेपाकही असू द्यावा.

तुमची वहिनी, धुरपदा

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥
येरमाळा, २२ जुलै २०२४

सौ. धुरपदावहिनींना गजराचा सा. न. वि. वि.

पत्र देवळासमोरच्या आपल्या दुकानातच फोडलं आणि इतकी हसले, की ओटी घ्यायला आलेली बाई नारळ तसाच ठेवून निघून गेली. तिला वाटलं मी तिलाच हसतेय. आमच्या घरी मात्र कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या पाळण्याची दोरी कुठल्या रंगाची आणू तेवढं कळवा.

आता थट्टा बाजूला. मागच्या फोटोत तुमच्या गळ्याची हाडं दिसत होती. मिरचीचा ठेचा नुसता खाणारी बाई आमटीच्या वासाला पळते, हे नुसतं पित्त नव्हे. सृष्टीला तपासणीला नेता तेव्हा तुम्हीही रक्त देऊन या. नाही गेलात तर मी फोन करीन, आणि दादांना स्पीकर लावायला सांगीन.

आलेपाक पाठवलाय. तुमचा लोभ त्याच्याइतकाच तिखट राहू द्या.

गजरा

॥ श्री गोरोबाकाका प्रसन्न ॥
तेर, १३ ऑगस्ट २०२४

सौ. वन्संना स. न. वि. वि.

गेले बाई एकदाची. सृष्टीचं सगळं चांगलं निघालं. माझ्या कागदावर हिपॅटायटिस सी आलंय. काविळीच्या घराण्यातलाच आजार, पण हा गुपचूप राहणारा. वीस-पंचवीस वर्षं लिव्हरमध्ये बिनबोभाट राहतो म्हणे. लिव्हर थोडं सुजलंय, अजून बिघडलेलं नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यातच मिळाल्या, रोज घ्यायच्या, बारा आठवडे.

हा आजार रक्तातून लागतो, एका ताटात जेवून किंवा जवळ बसून लागत नाही, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा मान हलवली आणि घरी येऊन माझं ताट, तांब्या, वाकळ सगळं वेगळं केलं. सृष्टीच्या डोक्याला रोज तेल लावायचे, तेही बंद केलं. उद्या बाळ आलं की त्याला घ्यायचं कसं, हे मनातून जात नाही. बाकीचं सोसेन, पण ते जमणार नाही.

डॉक्टरांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का. म्हटलं, मल्हारच्या वेळी, सत्त्याण्णवला, सोलापुरात. कुणाचं होतं म्हणाले. म्हटलं, आठवत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? जपून असावं.

धुरपदा

येरमाळा, २१ ऑगस्ट २०२४

वहिनी, सा. न.

आठवत नाही म्हणे. माझ्या लग्नात कुणी किती जिलब्या खाल्ल्या ते तुम्हांला आठवतं.

ती बाटली माझी होती. तुमचं रक्त थांबत नव्हतं, दादा भिंतीला टेकून खाली बसले होते, आणि मी वीस वर्षांची, हात लांब करून पडले होते. नंतर मला चहा-बिस्किट दिलं. भाचा माझ्या रक्तावर जन्मला म्हणून मी वर्षभर मिरवले. लहानपणी आमच्याकडं एक सुईवाला यायचा, एकाच सुईनं अख्ख्या गल्लीला टोचायचा. तिथंच मला लागलं असेल, आणि मी ते तुम्हांला दिलं असेल. आणि तुम्ही ओकताय म्हणून मी हसत बसले.

ताट एकत्र करा. कुणाला वेगळं ठेवायचंच असेल तर मला ठेवा.

गजरा

॥ श्री गोरोबाकाका प्रसन्न ॥
तेर, ५ नोव्हेंबर २०२४

सौ. वन्संना धुरपदाचा स. न. वि. वि.

भाऊबीजेला आला नाहीत. तुमचे भाऊ टोपी घालून सकाळपासून बसस्टँडकडं बघत होते. राखी पोस्टानं आली, नवरात्रात दुकानाला गर्दी, मग सोयाबीन, आता गुडघा. तपासणीचं विचारलं की तुमचं उत्तर येत नाही. मला कळतं ते.

इकडची हकिगत सांगते. सृष्टीला माझं वेगळं ताट चार दिवसांत कळलं. ती आली, माझंच ताट ओढून त्यात जेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ओरडले, तर शांतपणे म्हणाली, “डॉक्टर बोलले तवा मीबी तिथंच होते आई. मला ऐकू येतं.” ब्लेड नि नेलकटर तेवढं वेगळं ठेवा म्हणाली, आणि डोक्याला तेल लावा, लई खाजतंय. लावलं.

गोळ्या परवाच संपल्या. मळमळ मात्र मुक्कामाला आहे. तिच्या कलानं घ्यायला शिकलेय. उठल्याबरोबर मूठभर ज्वारीच्या लाह्या, मग अर्ध्या तासानं चहा, दिवसातून पाच वेळा चिमणीएवढं जेवण, आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. फारच झालं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी. फोडणी आता तुमचे भाऊ देतात. पहिल्या दिवशी त्यांनी बाळंतिणीसाठी आणलेले हळीव मोहरी समजून तेलात टाकले. वरण कढईतच चिकटून बसलं. मल्हारनं ते उलथन्यानं काढून खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणाला.

आता नीट ऐका. त्या दिवशी ती बाटली मिळाली नसती तर मी तिथंच गेले असते. मल्हार बिनआईचा वाढला असता. तुमच्या रक्तानं मला सत्तावीस वर्षं दिली आणि वर थोडी मळमळ दिली. इतकं मला चालतं. तुम्हांला काही झालेलं मात्र चालणार नाही.

तपासून या. नाही गेलात तर येरमाळ्याला येऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर ओकीन. भर मंगळवारी, गर्दीत.

लोभ ठेवा आणि रिपोर्ट पाठवा.

धुरपदा

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥
येरमाळा, २० डिसेंबर २०२४

सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

दुकानाची पायरी वाचवायची म्हणून गेले. निघालं. तुमचंच आहे, किंवा माझंच म्हणा.

तुमचा संताप होणार, पण खरं सांगते, मला साधी ढेकरही नाही. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी वडा खात होते, तो संपवला. डॉक्टर म्हणाले की तुमच्या वहिनीला मळमळलं नसतं तर तुम्हांला कळलंच नसतं, आणि लिव्हर आतल्या आत वाळत गेलं असतं. तुमच्या ओकाऱ्यांनी मला वाचवलं, हे पत्रात कसं लिहितात मला माहीत नाही.

गोळ्या सुरू होऊन आठवडा झाला. आमचे हे रोज समोर उभे राहून गिळायला लावतात. बाळंतपणाला येणार नाही, बारशालाही नाही. औषध संपेपर्यंत त्या लेकराजवळ मी नको. रागावू नका.

गजरा

॥ श्री गोरोबाकाका प्रसन्न ॥
तेर, १९ फेब्रुवारी २०२५

सौ. आजी-आत्याबाईंना स. न. वि. वि.

एकवीस जानेवारीला नात झाली ते मल्हारनं फोनवर सांगितलंच. त्यानं न सांगितलेलं मी सांगते. दवाखान्यात नर्सनं बाळ पहिल्यांदा माझ्याच हातात दिलं. मी मागं सरले नाही.

काल माझा रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाही. डॉक्टरांनी दोनदा वाचून दाखवला, मी तिसऱ्यांदा वाचून घेतला. मग मळमळीचं विचारलं. म्हणाले, कमी होईल, पण उद्याच जाईल असं नाही. थोडा पित्ताचाही भाग आहे. म्हणजे पाहुणा गेला आणि गाठोडं इथंच ठेवून गेला. आज सकाळीही ओकले, तोंड धुतलं आणि नातीला न्हाऊ घातलं. दोन्ही कामं जमतात.

बारसं २ मार्चला, रविवारी. मल्हारला बहीण नाही, तेव्हा नाव त्याच्या आत्यानंच ठेवायचं. तुम्ही जे लिहिलंय ते सगळं मी ऑगस्टात लिहून बसलेय, त्यामुळं माझ्यापुढं ते चालणार नाही. सृष्टीनं निरोप दिलाय की तुम्ही आला नाहीत तर पोरीला बिननावाची ठेवीन.

लोभाचं राहू द्या. या.

धुरपदा

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥
येरमाळा, ४ मार्च २०२५

सौ. वहिनींना गजराचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. दादांनी बांधून दिलेले धपाटे वाटेतच संपवले. तुमच्यासमोर खायला संकोच वाटत होता.

खरं सांगू का, तेरच्या स्टँडवर उतरल्यावर मी दहा मिनिटं परतीची बस बघत उभी होते. घरी आले तेव्हाही बायकांच्या मागंच बसले. ठरवलं होतं की नाव लांबूनच सांगायचं. कानात सांगायचं असतं, पण माझा घसा बसलाय असं काहीतरी सांगणार होते. तेवढ्यात तुमच्या सुनेनं पाळण्यातून पोर उचलली, सगळ्यांमधून वाट काढत आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “धरा आत्या. मला जेवायचंय, लई भूक लागलीय.” एवढं बोलून गेलीसुद्धा. तुम्ही पलीकडून बघत होता आणि मदतीला मुद्दाम उठला नाहीत, तेही मी पाहिलं.

मग काय, सांगितलं कानात, शिवप्रिया. तिनं ऐकून घेतलं, माझ्याकडं नीट बघितलं आणि सगळं दूध माझ्या खांद्यावर ओकली.

माझ्या गोळ्या येत्या आठवड्यात संपतील. पुढची तपासणी जूनमध्ये. जाईन, धमकी नको. तोवर आपल्या दोघींनाही मानवेल इतका लोभ असू द्या.

आणि तुम्हांला वाचून ढवळेल म्हणून शेवटी लिहिते. ती साडी अजून धुतली नाही. दांडीवर तशीच आहे. हे म्हणतात वास येतोय. मी म्हटलं, येऊ द्या.

तुमची, गजरा