सुरक्षित गावाची सरप्राइज तपासणी

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१०
ठरलं. शहर सोडायचं. बाहेर एखाद्या गावात राहायचं, रेल्वेनं कामावर यायचं.

कारण, भिंगरी. आमची मुलगी, वय नऊ. काल तिनं पुन्हा जिन्याखालून सायकल काढली, पुसली आणि जागेवर ठेवून दिली. आमच्या रस्त्यावरून ट्रक फाटकाला घासून जातात, त्यामुळे सायकलनं शाळेत जायला मी तिला तीन वर्षं नाही म्हणतोय. काल तिनं विचारलंसुद्धा नाही. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

संकल्प : ३१ मार्चच्या आत (शाळांचे फॉर्म तोवरच घेतात) सुरक्षित, कुटुंबाला मानवेल असं गाव शोधणे. माझ्यासारख्याला अवघड नाही. मी लिफ्ट तपासनीस आहे. अठरा वर्षांत माझी सही असलेल्या लिफ्टमध्ये कोणी अडकलेलं नाही. मी सोडून. तेही एकदाच.

३ फेब्रुवारी, सोमवार
चेकलिस्ट केली. त्रेचाळीस मुद्दे. फुटपाथची रुंदी, दिव्याच्या खांबांतलं अंतर, मोकाट कुत्री, दारांच्या कड्या. बायकोला दाखवली. तिथली माणसं कशी आहेत हा मुद्दा कुठाय, असं तिनं विचारलं. म्हटलं, माणसं टेपनं मोजता येत नाहीत. ती बरं म्हणाली. हिच्या ‘बरं’चे सहा प्रकार आहेत. हा चौथा.

८ फेब्रुवारी, शनिवार
पहिलं गाव, टेकडीच्या पायथ्याचं. तिघंही गेलो. बाग छान. भिंगरीला तासाभरात दोन मैत्रिणी मिळाल्या. मी घसरगुंडीचे बोल्ट तपासले. एक ढिला. गाव नापास.

परतीच्या गाडीत भिंगरी खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असावी.

९ फेब्रुवारी, रविवार
दुसरं गाव. नदी आहे. नापास. नदी नकाशावरही दिसत होती, मग दीड तास घालवून आलो कशाला, असं हिचं म्हणणं. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही हे माझं तत्त्व. हिला तत्त्वांचं वावडं आहे.

उद्यापासून पाच वाजता उठून चालायला जायचं. सुरक्षित गावात चालावं लागणार, आतापासून सवय हवी.

१० फेब्रुवारी, सोमवार
सव्वाआठला जाग आली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी तिसरं गाव, दुपारी चौथं. तिसरं फारच शांत. एवढ्या शांततेमागे काहीतरी असणार. चौथ्यात गोंगाट. दोन्ही नापास.

मेहुण्याचा फोन. म्हणे, दाजी, तुम्हाला गाव नकोय, तुम्हाला तिजोरी हवीय. टवाळखोर आहे. शिवाय तिजोरीत हवा खेळत नाही, हे त्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
चूक सापडली! कुटुंबाला घेऊन गेलो हीच चूक. लिफ्टवाल्यांना आधी कळवलं की ते वंगण घालून, आरसा पुसून, दात काढत उभे राहतात. गावंही तशीच. बायका-मुलं दिसली की गोड वागणारच.

म्हणून आता सरप्राइज तपासणी. एकट्यानं जायचं. ओळख द्यायची नाही, कारण सांगायचं नाही. अठरा वर्षांचा अनुभव कामी येतो तो असा.

२४ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात दाढ दुखतेय म्हणून कळवलं. पाचवं गाव, गाडीनं पन्नास मिनिटं. टोपी, काळा चष्मा (उन्हासाठी). बारा ते चार शाळेसमोरच्या बाकावर. पोरं सायकलवर येतात-जातात, तीही एकटी! मोजली. बासष्ट. माझ्या डोळ्यांसमोर भिंगरी आली, त्रेसष्टावी.

मग फुटपाथ मोजला. सात घरांची फाटकं हलवून पाहिली. कड्या उत्तम. शेजारच्या बाकावर एक वयस्कर बाई मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. निरुपद्रवी.

त्रेचाळीसपैकी सदतीस. विक्रम.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
दाढ अजून दुखतेय (ऑफिसपुरती). पुन्हा तेच गाव. एका पोराला सांगितलं की तुझ्या सायकलचा ब्रेक सैल आहे. उत्तर न देता सुसाट पळाला. अनोळखी माणसाशी बोलत नाहीत! एक गुण वाढवला.

दुपारभर तीन माणसं माझ्या मागे वीस पावलांवर चालत होती. मी थांबलो की थांबायची. गावाला व्यायामाची आवड दिसते. आणखी एक गुण.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दाढ तिसऱ्यांदा. दुकानदारानं आपणहून विचारलं, कोणाकडे आलात? मी म्हणालो, ते सांगता येणार नाही. त्यानं पुन्हा विचारलं. किती आपुलकी! एकदम तीन गुण. बाकावरच्या बाईंनी मोबाइल माझ्या दिशेनं धरला होता. माझ्यामागे झाड फुललंय, त्याचा फोटो असावा.

त्रेचाळीसपैकी बेचाळीस. गाव पास.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
घरी जाहीर केलं. बासष्ट सायकली ऐकून भिंगरी माझ्या गळ्यात पडली. हिनं पहिल्या प्रकारचं ‘बरं’ म्हटलं, जे मी लग्नानंतर दोनदाच ऐकलंय. घरही सापडलं. तळमजला, भाड्यानं, शाळा सायकलनं चार मिनिटांवर. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, वर राहतात. फोनवर हिच्याशी छान बोलल्या. रविवारी भेटायचंय.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
लिहावंसं वाटत नाही. पण तपासनीस अहवाल टाळत नाही.

बेल वाजवली. दार उघडलं ते बाकावरच्या बाईंनी. मला पाहिलं आणि धाडकन लावून घेतलं. पाच मिनिटांत सहा माणसं जमली, त्यांत तिघं व्यायामवाले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो सोमवारपासून फिरतोय. खाली लिहिलंय, सावधान, हा इसम शाळेसमोर घुटमळतो, फाटकं हलवतो, जवळ टेप बाळगतो. तोच फोटो शाळेच्या फाटकावर चिकटवलाय. पोट फार दिसतं.

गैरसमज दूर व्हावा म्हणून मी चेकलिस्ट वाचायला दिली. द्यायला नको होती. त्यात होतं : एकटी मुलं ६२. दुपारी दोन ते तीन रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यावरच्या घरात कुत्रा नाही.

आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला सगळे आले. गाडी सुटेपर्यंत थांबले.

आता आपल्याला कुठलंच गाव घेणार नाही का, असं भिंगरीनं आईला विचारलं. मला नाही विचारलं. ही काहीच बोलली नाही. सहांपैकी एकही नाही.

५ मार्च, बुधवार
शांतपणे विचार केला. पद्धत बरोबरच होती, गाव हळवं निघालं. मालकीणबाईंना चार पानी पत्र पाठवलं, आकृत्यांसह.

भिंगरी म्हणाली, सायकल मामाच्या मुलीला देऊन टाकू या, मला लहान होते. मी सीट वर करून पाहायला जिन्याखाली गेलो. सीट आणखी वर होत नाही. तिथंच बसून राहिलो बराच वेळ. तीन वर्षं बोल्ट मोजत बसलो मी. गाढव आहे.

९ मार्च, रविवार
मायलेकी सकाळीच गेल्या. कुठे, सांगेनात. मला घरीच थांबायला बजावलं.

संध्याकाळी हसत आल्या. मालकीणबाईंकडे गेल्या होत्या! हिनं त्यांना एवढंच सांगितलं म्हणे : नवरा लिफ्ट तपासतो, त्याला दुसरं काही येत नाही, पण मनानं वाईट नाही, आणि आमच्या मुलीला सायकलनं शाळेत जायचंय. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि घर दिलं. एक अट आहे, ती तिथं गेल्यावर सांगते, असं ही म्हणाली. किरकोळ असणार. पार्श्वभूमी माझ्या पत्रानं तयार केली होती हे उघड आहे.

३० मार्च, रविवार
राहायला आलो. फॉर्म परवाच भरला. सायकल नवी घेतली, मोठी. अट कळली. किरकोळ नाही.

७ एप्रिल, सोमवार
शाळेचा पहिला दिवस. भिंगरी सव्वासातला सायकलनं निघाली. एकटी. वळून पाहिलं नाही. मी फाटकात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. डोळे भरून आले, लपवले नाहीत.

फाटकापलीकडे मला जाता येत नाही. अट अशी की गावाला माझी खात्री पटेपर्यंत मी रस्त्यावर एकटं फिरायचं नाही. सोबत घरातलं कोणीतरी हवं. सकाळी ही मला स्टेशनावर सोडते, संध्याकाळी घ्यायला येते. चेकलिस्ट मालकीणबाईंनी ठेवून घेतलीय, पाहुण्यांना वाचून दाखवतात.

आज संध्याकाळी ब्रेड संपला. भिंगरी खेळून आली, दूध प्यायली, तोवर मी बूट घालून दारात बसलो होतो. मग ती मला दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग तिला विचारलं, हे तुझ्याबरोबर आहेत का? ती हो म्हणाली. मग त्यानं मला ब्रेड दिला.