तुमच्या बंधूंची मान

मुरलीपुरा, जयपूर
८ जून २००५

तीर्थरूप सौ. मंदाकिनीवन्संना मधुमतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, भावजींची साखर आणि तुमच्या सासूबाईंचा स्वभाव आटोक्यात असेल अशी आशा करते. आम्ही इकडे तुमच्या बंधूंच्या मानेत अडकलो आहोत.

एप्रिलात दाढी करताना त्यांच्या हाताला मानेत गाठ लागली. बँकेत जगाच्या कागदपत्रांवर संशय घेणारा हा माणूस, पण डॉक्टरला मान दाखवायची म्हटल्यावर मफलर गुंडाळून बसला. (एप्रिलात, जयपुरात. शेजारच्या शेखावतबाईंना मी सर्दी झालीय म्हणून सांगितलं, तर त्यांनी काळजीने माझ्याकडेच बघितलं.) मग कॅशियरने सांगानेरचा कुणी वैद्य सुचवला. त्याच्या लेपाने गाठ हलली नाही, मान मात्र इथल्या बगरूच्या छापील चादरीसारखी रंगली.

शेवटी मीच ओढून दवाखान्यात नेलं. सुई घालून तपासलं, तर गाठीचा क्षय निघाला. छातीचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टर माथुरबाईंनी नीट समजावलं. अंगातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण हे जंतू गिळले तरी आत जिवंतच राहतात. मग त्या आणखी पेशींना बोलावतात आणि सगळ्या मिळून वेढा घालून बसतात. जंतू मरत नाहीत, वेढा उठत नाही, गर्दी तेवढी वाढते. ती गर्दी म्हणजे गाठ. (मला आपल्याकडच्या वाटणीच्या बैठका आठवल्या, पण परक्या गावात कशाला बोला.) हे सगळं चाललेलं असताना तुमचे बंधू मोबाइलवर शाखेशी बोलत होते.

औषध सुरू झालं आणि महिन्याभराने गाठ आणखी फुगली. त्यांनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. एके सकाळी पाणी घालताना मला तुळशीच्या कुंडीत लाल गोळ्या सापडल्या. तशीच त्यांना घेऊन माथुरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "जंतू मरने लगते हैं तो उनके टुकड़ों पर यही कोशिकाएँ और भड़कती हैं. दवा चलते में कभी-कभी गाँठ सूजती है. मैंने पहले ही दिन बताया था."

"तब मैं फोन पर था," तुमचे बंधू म्हणाले.

"फोन तो अब भी हाथ में है. अधूरी दवा छोड़ोगे तो यही कीड़े दवा से डरना बंद कर देंगे."

परतताना ऑटोत त्यांनी मोबाइल बंद करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मधू, मला वाटलं मी काही वाचत नाही. मग गोळ्या तरी कशाला?" मी घरून चांगलं लांबलचक भाषण तयार करून निघाले होते. ते तसंच राहिलं.

आता गोळी गिळून ते मला तोंड उघडून दाखवतात. गाठही उतरते आहे. मोठ्यांना नमस्कार, तुमच्या चारुलताला आशीर्वाद.

तुमची भावजय,
मधुमती

ता. क. चारूच्या लग्नाला "त्याला दगदग नको, तू एकटीच ये" असं तुम्ही फोनवर फार मायेने म्हणालात. मागून तुमच्या सासूबाईंचं "भांडी वेगळी ठेवावी लागतील"ही तितकंच स्पष्ट ऐकू आलं. गाठीतला हा रोग ताटावाटीतून पसरत नाही. आम्ही दोघेही येतोय.

आणखी एक. तुमची अडचण नको म्हणून त्यांनी स्वतःचं ताट आणि पेला बॅगेच्या तळाशी ठेवला होता. मी दोन्ही काढून ठेवली आहेत, त्यांना ठाऊक नाही. पंगतीत त्यांना शेजारी बसवा, आणि सासूबाई बघत असतील तेव्हा तुमच्या बंधूंच्या ताटातला एक लाडू उचलून खा. लहानपणी विचारल्याशिवाय उचलायचात, तसाच.