आधी चव, मग मीठ

मी, खाली सही करणारी, मॅट्रिक पास, स्वतःचा संसार सांभाळून टेकडीवरच्या साहेबांकडे स्वयंपाक करणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. देव बोलावील तेव्हा धावपळ नको, म्हणून आजच.

१. राहते घर मुलाला व मुलीला निम्मे-निम्मे. गच्चीवरून भांडलात तर गच्ची धाकट्या जाऊबाईंची. त्या तिथे गायला बसतील, मग समजेल.

२. बँकेतली शिल्लक आमच्या ह्यांच्या औषधपाण्याला. माझ्यामागे जेवणावळ घालू नये. दुसऱ्याच्या हातचे मला मेल्यावरही चालणार नाही.

३. माझी सुरी मुलीला. माझ्यानंतर साहेबांकडे तीच कामाला लागणार आहे. सुरी रोज न्यावी, रोज घरी आणावी. तिथे ठेवली की आज ते तिच्याने सुतळी कापतील आणि उद्या आपणही त्यांच्या सामानात जमा.

४. मिठाची कुपीही मुलीला. तिची हकीकत अशी. साहेब चव न घेताच मीठ भुरभुरायचे. एकदा पाहुण्यांसमोर मी त्यांचे सूप उचलले.

"अहो बाई, हे काय?"

"मी मीठ घातलंय की नाही, ते जिभेला विचारा. हाताला काय कळतंय?"

"पगार मी देतो!"

"म्हणून तर सूप मिळतंय. आधी चाखा, मग हवं तर अख्खी कुपी ओता."

पाहुणे हसून बेजार. साहेबांनी चाखले आणि वाटी पुन्हा पुढे केली. तेव्हापासून कुपी माझ्या ताब्यात.

परवा मात्र साहेब म्हणाले, "तुमची मुलगी तरी मवाळ आहे ना?" मुलगी नुसती हसली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. तरी, कुपीचा नियम साहेबांना मान्य असेल तरच तिने तिथे पाऊल टाकावे. नाहीतर सुरी उचलावी आणि दुसरे घर बघावे.

५. साहेबांना काहीही नाही. म्हणूनच ते साक्षीदार चालतील, असे वकील म्हणाले.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तो.
सही: मुलांची आई

साक्षीदार १: शेजारच्या शिंपीणबाई.

साक्षीदार २: साहेब. न वाचताच सही करायला निघाले होते. मुलीने हातातून कागद काढून घेतला. "आधी वाचा," म्हणाली. साहेबांनी वाचले, चौथ्या कलमापाशी खाकरले आणि सही केली.

माझा घोर मिटला. आता देवाने खुशाल यावे, फक्त शेगडीवर काही असताना नको.