दात चमकल्याशिवाय बटण नाही

३ जून, सकाळ
सोमवारी बायकोचा दातांचा दवाखाना सुरू. वेबसाइट अर्थातच मी करणार. ती म्हणाली, नुसता फोन नंबर टाक. नुसता नंबर कसला टाकायचा! आधी दात येईल, त्यावर ब्रश फिरेल, दात लख्ख चमकेल आणि मगच 'अपॉइंटमेंट घ्या' हे बटण. संध्याकाळपर्यंत उरकतो.

४ जून
उरकलं नाही. आईला स्क्रीनवर काही हललं की गरगरतं. तिच्या फोनमधली सगळी हालचाल बंद करून दिली. तिच्या बागेतल्या सात मैत्रिणींच्या फोनमधलीही. मुलगा असावा तर असा! अशा फोनवर आपला दात स्थिर दिसेल, ही सोयही लगेच केली. किती विचार करतो मी लोकांचा.

५ जून
बटणाला तीन सेकंदांनी यायला सांगितलंय. बायकोच्या फोनवर तेव्हा ब्रश अर्ध्यावरच असतो. फोन भिकार, म्हटलं. तो मीच घेऊन दिलेला निघाला.

६ जून, दुपार
सापडलं! अंदाजाने थांबायचंच नाही. ॲनिमेशन संपलं की ब्राउझर स्वतः कळवतो. ते कळलं की मग बटण. बायको म्हणाली, समोरच्याचं संपल्यावर आपण सुरू करायचं, हे तुला आज समज... मी विषय बदलला.

८ जून, सोमवार
दवाखाना सुरू. नोकरी सोडून बसलीय बिचारी. आठवड्यात दहा पेशंट आले नाहीत तर पुन्हा जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली. पन्नास येतील, म्हटलं. आईलाही बजावलं, घरचं म्हणून मध्ये घुसायचं नाही, बटणावरूनच यायचं.

११ जून
पेशंट दोन. दोघेही पाटी बघून आलेले. लोकांना दातांची पर्वाच उरली नाही. चमक वाढवली.

१४ जून, रविवार
आई गाल सुजवून आली. दाढ काढली म्हणे. बायकोच्या जुन्या डॉक्टरांकडे! तीन दिवस त्या दातासमोर बसले, बटण काही आलं नाही, म्हणाली. सातही मैत्रिणींचं तेच झालं. त्याही तिकडेच गेल्या.
जे हललंच नाही, ते संपल्याचं ब्राउझर कळवणार कसं? हे मला आज सुचलं.
आठ आणि दोन दहा. बायकोने बोटांवर मोजून दाखवले. मग बोलायला लागली. या वेळी तिचं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही असं ठरवलंय.
चाळीस मिनिटं झाली. अजून संपलेलं नाही.