कुलपाआडची भिंत

शेलार, भिवंडी
९ जानेवारी २०२५

चि. सौ. नेत्रा हिस सासूचा आशीर्वाद. पडघ्याला तुझे आईबाबा बरे असतील. तनया आता चार वर्षांची झाली असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडू नकोस, बाई.

इकडे वाल चांगला आलाय. मनोज दिवसभर गोडाऊनवर असतो, तू गेल्यापासून धड जेवत नाही.

मागच्या खोलीची मातीची भिंत तू नखांनी खरवडून खायचीस. लागीर झालंय म्हणून आम्ही काळूराम भगताला आणलं, मग तुला माहेरी धाडलं. त्याला दोन वर्षं झाली. पण भिंतीतला खळगा वाढतच राहिला. मी लिंपायची, चार दिवसांत पुन्हा बोटभर खोल. काळूराम म्हणाला, "बाई गेली, पन तिच्यातली हडळ इथंच हाय." मी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली. तरी खळगा वाढायचा थांबेना.

शेवटी मनोजने गोडाऊनमधला एक कॅमेरा आणून तिथे लावला. दुसऱ्या दिवशी मला भर दुपारचं चित्र दाखवलं. एक पाठमोरी बाई भिंत चाटत होती. मग वळली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. दातांत माती. ती मी होते, नेत्रा. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोटात दुर्बीण घालून बघितलं. जठरात जंतू निघाले, फार जुने. त्यांच्यापायी अन्नातलं लोह आणि बी-बारा अंगी लागत नाही. रक्त निम्म्यावर आलंय. लोह घटलं की माती खावीशी वाटते, बी-बारा फारच घटलं की भानही हरपू शकतं, म्हणाल्या. गोळ्या, इंजेक्शनं चालू आहेत. तरी ओल्या भिंतीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं आणि मला माझीच भीती वाटते.

हे जंतू तोंडावाटे घरच्यांना लागू शकतात. कुणाला उष्टं भरवता का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. खोटं बोलले. तनयाला भाकरी चावून मऊ करून मीच भरवायची. तू अडवायचीस, तर तुलाच वाट्टेल ते बोलायची.

पोरीला डॉक्टरकडे ने. तूही तपासून घे. परत ये म्हणत नाही.

तनया माती खाताना दिसली तर मारू नकोस. भगताने तुला झोडपलं तेव्हा तुझे डोळे बांधलेले होते. हात मनोजने धरले असं तुला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. तो घरातसुद्धा नव्हता. हात मी धरले होते.

आई म्हणवून घ्यायचं तोंड नसलेली,
पार्वती