हेरिंगच्या बंदरातली डेन्मार्कची वकिलात

ऑगस्ट १९५१

तीर्थरूप थोरवाल्डदादा यांस,

धाकट्या अक्सेलचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? स्वेनबोर्गच्या दमट हवेत तो उन्हाळ्यातही कुरकुरत असेल. मी पाठवलेलं मलम तुम्ही गुडघ्याला लावता की कारखान्यातल्या बिजागऱ्यांना, हे वहिनींनी मला परस्पर कळवावं. इकडे आम्ही दोघं ठीक. रागनहिल्डचा खोकला गेला, तो माझ्याकडे आला. हेरिंग मासळी यंदा उशिरा आली, पण आली; त्यामुळे सगळ्या गावाला वास मारतो आहे आणि एकाचीही तक्रार नाही.

मागच्या पत्रात तुम्ही खोचून विचारलं होतंत की मी औषधं विकतो की राज्य चालवतो. दादा, दोन्ही एकाच काउंटरवरून चालतं. आता रेक्याविकच्या आपल्या वकिलातीने फर्मावलं आहे की या बंदरातल्या डॅनिश प्रतिनिधित्वाचा इतिहास दोन पानांत लिहून पाठवा. इतका इतिहास आहे कुठे? शेकडो वर्षं इथे आपला दूत नव्हता, कारण स्वतःच्या माजघरात कोणी दूत नेमत नाही. मग चव्वेचाळीस साली, आपल्या घरात जर्मन ठाण मांडून बसलेले असताना, आइसलँडच्या या मंडळींनी वेगळी चूल मांडली. (मांडली ते बरंच केलं. हे मी वकिलातीला लिहिणार नाही.) वाटण्या झाल्यावर इथे एक मानद उपवाणिज्यदूत हवा झाला आणि माझी नेमणूक झाली, कारण गावात डॅनिश माणूस मी एकटा आणि अंगणात झेंड्याची काठी होती. दारावर पितळी पाटी आली. लोक ती वाचतात आणि आत येऊन एरंडेल मागतात. त्याच सुमाराला आणखी एक चमत्कार झाला. ज्या गावाने शाळेत वर्षानुवर्षं डॅनिश घोकलं, ते गाव एका रात्रीत ती भाषा साफ विसरलं. पोस्टमास्तर तर डॅनिश पत्ता वाचायलाही माझ्याकडे येतो आणि मी उच्चारण्याआधीच समजल्यासारखी मान डोलावतो.

तर हकीकत अशी. येप्पे नावाचा एक पोरगा आपल्या एका मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याने इथे स्वानहिल्ड नावाच्या मुलीबरोबर एक नाच केला, आणि यंदा तो उरलेले नाच करायला आला. स्वानहिल्ड ही कोल्बेन म्हाताऱ्याची नात. कोल्बेन म्हणजे दोन बोटींचा मालक, कडवा प्रजासत्ताकवादी. आपल्या राजाच्या वाढदिवसाला मी झेंडा चढवला की हा माझ्या दारासमोरून मुद्दाम पाठ करून जातो. (बर्फात पाठमोरं चालणं सोपं नाही, या वयात तर नाहीच.) मागच्या रविवारी त्याला आपल्याच बोटीवर ही दोघं बसलेली दिसली. तो वल्हं उगारून धावला, आणि पुढच्या क्षणी बंदराच्या पाण्यात होता. येप्पेने उडी मारून त्याला बाहेर काढलं. पण म्हातारा ओला होऊन धक्क्यावर आला तो हेच सांगत, की या डॅनिश पोराने मला ढकललं. मग काय, गावाला दुसरं काय हवं होतं? सोमवारी जहाज येप्पेला सोडून गेलं. येप्पे कुलूपबंद मिठाच्या गोदामात, आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक येईना. खोकणारी माणसंसुद्धा समोरून खोकत गेली.

बुधवारी सुनावणी झाली. न्यायाधीश ब्यार्टमार हे कोपनहेगनला कायदा शिकलेले, पण त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं की आरोपीची भाषा इथे कोणाला येत नसल्यामुळे उपवाणिज्यदूत दुभाष्याचं काम करतील. दादा, माझं आइसलँडिक तुम्हाला ठाऊक नाही ते बरं आहे. तीस वर्षं संसार करूनही रागनहिल्ड म्हणते की मी बोलायला लागलो की तिला दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. आधी स्वानहिल्डने सांगितलं की आजोबांचा पाय घसरला, येप्पेने हातसुद्धा लावला नाही. हे ती रविवारपासून सांगत होती आणि रविवारपासून आजोबा तिच्याशी बोलले नव्हते. कोल्बेन समोर बघत बसला होता. साठ वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, धक्क्याला बांधलेल्या बोटीवरून घसरून पडला हे गावासमोर कसं कबूल करणार? त्यापेक्षा डेन्मार्कने ढकललेलं परवडलं.

मग येप्पेला विचारलं. तो उभा राहिला, टोपी हातात चुरगाळली, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मी ढकललं असंच लिहा. त्यांना या गावात राहायचंय. माझं काय, मी परका. शिक्षा भोगीन आणि पुढच्या उन्हाळ्यात परत येईन, हे तेवढं तिला सांगा."

खोलीत सगळे खिडकीबाहेर बघत होते. मी तोंड उघडलं आणि मला 'ढकलणं' हा शब्द आठवेना. (औषधाच्या दुकानात तो लागत नाही.) जो शब्द सुचला तो वापरून मी न्यायालयाला सांगितलं की आरोपीने म्हाताऱ्याला बाप्तिस्मा दिला असून तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा देईल. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. मी घाम पुसून दुसरा शब्द शोधायला लागलो, तेवढ्यात मागून कोल्बेनचा आवाज आला, आणि दादा, तो चक्क आपल्या भाषेत बोलला.

"बास करा, औषधवाले. कळलं मला पोरगा काय म्हणाला ते." मग न्यायाधीशांकडे वळून त्याच भाषेत, "पाय घसरला माझा. माझ्याच बोटीवर."

ब्यार्टमार यांनी चष्मा काढला आणि अगदी कोपनहेगनच्या थाटात विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कोणी डॅनिशमध्ये विचारलं नाही," कोल्बेन म्हणाला.

खटला तिथेच संपला. म्हाताऱ्याने येप्पेच्या कोटाची बाही धरली आणि त्याला कॉफीला घरी नेलं. नात मागून चालली होती. मध्येच त्याने दुसरा हात तिच्यासाठी मागे केला. पोस्टमास्तर दारात मला म्हणाला की तुमचं आइसलँडिक सुधारतंय. तेही आइसलँडिकमध्येच म्हणाला. गाव पुन्हा डॅनिश विसरलं होतं. पुढच्या शनिवारी चर्चमध्ये येप्पे आणि स्वानहिल्डचं लग्न आहे. वकिलातीच्या दोन पानांत यातलं काय लिहावं ते कळत नाही. बहुधा झेंड्याच्या काठीची उंची लिहीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
अक्सेल

ता. क. – सुनावणीच्या सुरुवातीला न्यायाधीशांनी विचारलं होतं की या पोराला मायदेशी कोणी जबाबदार माणूस आहे का. नव्हता. मी सांगितलं की स्वेनबोर्गला थोरवाल्ड नावाचे नामांकित नावबांधणी कारागीर त्याला कामाला आणि घरात ठेवायला केव्हाचे तयार आहेत. हे विधान मी डेन्मार्कच्या वतीने केलं असल्यामुळे ते मागे घेता येत नाही. नवराबायको लग्नानंतरच्या बोटीने निघतील. पोरगा हातांनी चांगला आहे.

ता. क. २ – वरची खोली त्यांना द्यावी. खालची कोल्बेनसाठी लागेल, तोही बरोबर येतो आहे. नात कोणाच्या घरी राहणार ते तो स्वतः बघणार आहे, आणि तुम्ही बांधलेली एखादी बोटही. तिच्यावरून तो घसरला, तर तुम्ही ढकललंत असं बिनदिक्कत सांगा. ते त्याला आवडेल.