एक खाच, दोन खाचा

बाबा, तुमच्याविषयी चांगलं लिहावं असं दरवर्षी तुमच्या तिथीला ठरवते आणि बसले की तोंड कडू होतं. आज कडूच लिहिते.

दुसरबीडला रस्त्यालगत आपलं बैलगाड्या बनवायचं दुकान. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झालेली, मी तेरा वर्षांची. पाटलांनी नातीसाठी उतारावरून पळणारी, दोरीनं वळवायची छोटी गाडी सांगितली. तुमच्या हाती मोठी कामं होती. "तूच कर वं," म्हणालात. मी केली. चाकाच्या मधला तुंबा बाभळीचा, त्याचं भोक आसाच्या ज्या टोकावर बसायचं त्याच टोकावर घासून जुळवलेलं. हातानं पाडलेली दोन भोकं सारखी नसतात, म्हणून पुढच्या डाव्या तुंब्याला आतून एक खाच, उजव्याला दोन. ही खूण फक्त मला ठाऊक होती.

गाडी न्यायला पाटील नातीला आणि माणसांना घेऊन येतात. रिवाजाप्रमाणे नारळ आणि करणाऱ्याला धोतर. माझे हात वंगणानं काळे. पाटील हसतात, "काऊन मिस्त्री, चाकं पोरीनं बसवली काय? मंग हे धोतर तुले देऊ, का तुह्या पोरीले नेसवू?" सगळे खिदळतात. बाबा, तुम्हीही खिदळलात. "नाई जी मालक, तिनं नुस्तं वंगण लावलं. चाकं माह्याच हातची." पाटलांना पटेना. पोरीच्या हातची चाकं नकोत म्हणाले. मग तुम्ही पुढची दोन्ही चाकं उपसलीत, पुसलीत आणि सगळ्यांदेखत पुन्हा बसवलीत, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. एक ठोकून घालावं लागलं, एक आसावर डुगडुगत होतं. तुमच्यासारख्या कारागिराला एवढ्यानं कळायला हवं होतं. पण कुठलं कुठे हे मला विचारणार कसं? नुकतंच सांगितलं होतंत ना, तुम्हीच बसवली म्हणून.

तिथेच नातीला बसवून गाडी उतारावर सोडली. डुगडुगणारं चाक आसावर अडवणारी खुंटी तिसऱ्या फेरीला तुटली. चाक निघालं, नात दगडावर आदळली. कोपरात मोडलेला तिचा हात पुढे कधी सरळ झाला नाही. आणि धोतर काखेत धरून तुम्ही म्हणालात, "पोरीचा हात लागला मालक, म्हून झालं."

दुसऱ्या दिवसापासून मला दुकानाची पायरी बंद. बुलढाण्याला आत्याकडे शाळेत धाडलंत, पुढे कॉलेज. त्या काळात बापानं मुलीला शिकवलं, असं लोक कौतुकानं म्हणतात. मला त्या कौतुकाचा वीट आला आहे. तुम्ही मला शिकवलं नाहीत, नजरेआड केलंत. धोतर मात्र फाटेपर्यंत नेसलात.

तुमच्या शेवटच्या आजारपणात महिनाभर उशाशी होते. औषधं, पेज, झोप, एवढंच बोलले. हे लिहिलेलंही कपाटातच राहील.

चाकांची अदलाबदल मी पाहिली होती, बाबा. ओरडले असते तर तुम्ही थांबला असतात. आधी वाटलं, एकदा माझ्याकडे वळून विचाराल. विचारलं नाहीत, तेव्हा ते चाक सगळ्यांसमोर निघावं असं मला मनापासून वाटलं. गाडीत कोण बसलंय, हे ती किंचाळल्यावर आठवलं.